खेळ, खेळती हवा आणि देवळालीचा ताप

‘प्ले म्हणजे खेळणे’ हे समीकरण इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी पाठ होते आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढे तेवढ्यावरच थांबते. पण मोठ्या शब्दकोशात हा शब्द काढून पाहिला तर पानेच्या पाने उलटावी लागतात. इंग्रजीत क्रिकेट ‘प्ले’ करतात, सतार ‘प्ले’ करतात, नाटकातली भूमिका ‘प्ले’ करतात आणि खुद्द नाटकालाही ‘प्ले’च म्हणतात. कारंजे ‘प्ले’ करते, बंबातून आगीवर पाण्याचा झोत ‘प्ले’ होतो, ओठांवर हसू ‘प्ले’ करते. आणि आपल्या गावातला गॅरेजवाला मोटरसायकलचे पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो व सांगतो, ‘‘बेअरिंगला प्ले आलाय.’’ त्याने इंग्रजी कोश पाहिलेला नसतो, पण शब्द अगदी बिनचूक वापरलेला असतो. (‘डिस्प्ले’मधला ‘प्ले’ मात्र या कुळातला नव्हे. तो लॅटिनमधल्या ‘घडी उलगडणे’ अशा अर्थाच्या शब्दातून आला आहे. इथे मुले हमखास फसतात.)

चेंडू, सतार, नाटक, पाण्याचा झोत आणि सैल झालेले बेअरिंग यांची मोट एका शब्दात कशी बांधली गेली? या प्रश्नाचा माग काढायला आपण नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पला जाऊ. जागा विचित्र वाटेल, पण निवड उगाच केलेली नाही. मैदान, तोफ, कारखाना आणि रंगमंच या चारही ठिकाणचा ‘प्ले’ त्या छावणीत नांदला. शिवाय जिथे माणसाला हालचालीला वाव उरत नाही तिथे काय होते, यासाठी इंग्रजी भाषेने जो शब्द घडवला तो या गावाच्या नावावरूनच घडवला.

मुंबईहून रेल्वेने निघाले की कसारा, इगतपुरी, घोटी असे करत नाशिक रोडच्या आधीचे स्टेशन लागते ते देवळाली. १८६१ साली इंग्रजांनी इथे फौजेचा तळ उभारला. कसाऱ्याचा थळघाट ओलांडणारा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि मुंबई बंदर व दख्खनचे पठार गाडीने जोडले गेले. विलायतेहून बोटीने मुंबईला उतरलेल्या गोऱ्या शिपायांना आधी देवळालीत आणायचे, काही दिवस थांबवायचे आणि मग हिंदुस्थानभरच्या पलटणींत पाठवायचे. उलट, ज्यांची नोकरीची मुदत संपली त्यांना त्यांच्या पलटणींतून देवळालीत गोळा करायचे आणि बोट आली की मुंबईला न्यायचे. थोडक्यात, देवळाली ही इंग्रजी फौजेची धर्मशाळा होती. युद्धकाळात इथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांनाही कोंडून ठेवत. पुढे तिबेटात पोहोचलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर हा डेहराडूनला हलवला जाण्यापूर्वी काही काळ इथे होता. आज इथे भारतीय सैन्याचे तोफखाना प्रशालेचे मोठे केंद्र आहे. पण तोफांकडे वळण्यापूर्वी आधी शब्दाचे मूळ पाहू.

जुन्या इंग्रजीत ‘प्लेगा’ आणि ‘प्लेगिअन’ असे शब्द होते. त्यांचा अर्थ आजच्यासारखा फक्त करमणूक असा नव्हता. चपळ हालचाल, अंग हलवणे, कसरत करणे हा त्यांचा गाभा होता. म्हणूनच हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी काव्यात लढाईला ‘हाताचा प्ले’, ‘भाल्याचा प्ले’ अशा अर्थाचे सामासिक शब्द येतात. त्यात थट्टा मुळीच नाही. भाला झपाझप चालतो, म्हणून तो ‘प्ले’. करमणूक ही या शब्दाला नंतर फुटलेली फांदी. ती एवढी फोफावली की मूळ खोडच झाकले गेले.

आता आपल्याकडे पाहा. पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात ‘खेल्’ हा धातू कोणत्या अर्थाचा म्हणून दिला आहे? ‘चलन’, म्हणजे हलणे. आनंद नाही, करमणूक नाही, नुसते हलणे. क्रीडेसाठी ‘क्रीड्’ हा धातू वेगळा आहे, आणि जुगारासाठी ‘दिव्’, ज्यापासून द्यूत आले. या ‘दिव्’ धातूचे तर वैयाकरणांनी दहा अर्थ दिले आहेत. त्यांत क्रीडा आहे, जिंकण्याची इच्छा आहे, व्यवहार आहे, चमकणे, स्तुती, आनंद, मद, झोप, कांती आणि गती हेही आहे. इंग्रजी ‘प्ले’चे अनेक अर्थ पाहून चक्रावणाऱ्या विद्यार्थ्याला हे अवश्य सांगावे.

दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, हालचालीच्या शब्दातून खेळाचा शब्द काढला. या गोष्टीचे ज्याला फार कुतूहल वाटले तो डच इतिहासकार योहान हायझिंगा हा मुळात संस्कृतचा अभ्यासक. १८९७ सालचा त्याचा प्रबंध संस्कृत नाटकातल्या विदूषकावर होता. पुढे १९३८ साली त्याने ‘होमो लुडेन्स’, म्हणजे ‘खेळणारा माणूस’, या नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यातले एक आख्खे प्रकरण वेगवेगळ्या भाषांतल्या खेळवाचक शब्दांना दिले. यंत्राच्या दोन भागांमधल्या मोकळिकीला इंग्रजीत ‘प्ले’, जर्मनमध्ये ‘श्पील’, फ्रेंचमध्ये ‘ज्ये’ आणि जपानीत ‘आसोबी’ म्हणतात; आणि हे चारही शब्द त्या त्या भाषांत मुलांच्या खेळासाठीही आहेत. गॅरेजवाल्याचा ‘प्ले’ हा अपभ्रंश नाही, तो असा जगभर पसरलेला आहे.

मग मराठीचे काय? आम्हांला वाटते, मराठी या बाबतीत इंग्रजीच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी आहे. आपलेच लक्ष नसते. घरात ‘हवा खेळती’ असावी असे आपण म्हणतो. बागेत पाटाने ‘पाणी खेळवतो’. दुकानदाराला ‘खेळते भांडवल’ लागते. कांद्याला भाव मिळाला की शेतकऱ्याच्या ‘हातात पैसा खेळतो’. या चारही ठिकाणी करमणुकीचा लवलेश नाही. जे अडून राहत नाही, इकडून तिकडे फिरते राहते, ते खेळते. लेझीम खेळतात, फुगडी खेळतात, दांडपट्टा खेळतात. जुन्या नाटकमंडळ्या नाटकाच्या प्रयोगाला ‘खेळ’ म्हणत, कोकणात ‘नमन-खेळे’ आहेत, आणि चित्रपटाचा ‘पहिला खेळ’, ‘शेवटचा खेळ’ हे शब्द आजही ऐकू येतात. नाटक आणि खेळ यांना एकच शब्द ही इंग्रजीचीच मिरास नव्हे. देवळालीहून फार लांब नसलेल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्या सुमारास इंग्रजीत चित्रपटाला ‘फोटोप्ले’ म्हणण्याची पद्धत होती. ‘चित्रांचा खेळ’ आणि ‘फोटोप्ले’ यांत भाषांतर कोणी कोणाचे केले, असा प्रश्नच येत नाही.

फरक आहे तो दोन-तीन जागी. वाद्य आपण वाजवतो, खेळत नाही. भूमिका ‘करतो’ किंवा ‘वठवतो’. आणि यंत्रातल्या ‘प्ले’साठी आपण ढिलेपणा, सैलपणा म्हणतो. म्हणजे त्यात दोष गृहीत धरतो. इंग्रजी शब्दात दोष गृहीत नाही. हा फरक बारीक वाटेल, पण विज्ञानाच्या शिक्षकाला तो महत्त्वाचा आहे. कारण मोकळीक हा यंत्राचा नेहमीच दोष नसतो, ती त्याची गरजही असते. हे समजावून घ्यायला तोफेसारखे उदाहरण नाही.

तोफेची मोकळीक

१८१८ च्या मे-जून महिन्यांत इंग्रजांनी याच नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला होता. आत अरब शिबंदी होती आणि तिने इंग्रजांना बरेच दिवस दाद दिली नाही. अखेर दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि त्यानंतर किल्ला पडला. त्या काळच्या अशा वेढ्यांच्या इंग्रजी वर्णनांत तोफा तटावर मारा करू लागल्या, याला ‘तोफा तटावर प्ले करू लागल्या’ असा प्रयोग सर्रास येतो. आजच्या वाचकाला तो निर्दय वाटेल. पण भाल्याचा ‘प्ले’ जसा, तसाच हा. अर्थ एवढाच की तोफ कामाला लागली, चालू लागली.

आता या तोफेच्या आत डोकावू. त्या काळच्या तोफा तोंडाकडून भरायच्या असत. आधी दारू, मग ठासणी, मग गोळा. गोळा नळीच्या बरोबर मापाचा केला तर काय होईल? ओतीव लोखंडी गोळा पूर्ण गोल नसतो, त्याला गंज चढतो. दोन-चार बार काढले की नळीच्या आत दारूची काजळी बसते. गोळा अर्ध्यावर अडकला तर तोफ आणि गोलंदाज दोघांवरही प्रसंग. म्हणून गोळा मुद्दाम लहान ठेवत. अठराव्या शतकात इंग्रजी तोफांचे प्रमाण ठरलेले होते : गोळ्याचा व्यास २० तर नळीचा व्यास २१. म्हणजे नळी साडेदहा सेंटिमीटरची असेल तर गोळा दहा सेंटिमीटरचा आणि दोघांत एकूण पाच मिलिमीटरची मोकळीक.

या मोकळिकीची किंमत मात्र मोठी होती. दारूचा वायू गोळ्याला ढकलण्याऐवजी त्याच्या कडेने निसटून जाई, आणि गोळा नळीत इकडून तिकडे आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या विरुद्ध दिशेला तो भरकटे. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. ही मोकळीक गरजेपेक्षा जास्त आहे आणि दारू फुकट जाते, असे त्याचे म्हणणे होते. १७७९ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या कॅरन कंपनीने मोकळीक कमी केलेली, आखूड व हलकी ‘कॅरोनेड’ तोफ काढली. ती कमी दारूत काम भागवी. पुढे १८५० च्या दशकात आर्मस्ट्राँगच्या मागून भरायच्या, आतून मळसूत्री आटे पाडलेल्या तोफा आल्या, तेव्हा गोळ्याला नळीत घट्ट बसवून भिरभिरवणे शक्य झाले. शंभरावर वर्षांचा हा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : किती ‘प्ले’ ठेवायचा?

हाच प्रश्न देवळालीवरून जाणाऱ्या रुळांचाही आहे. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ घ्या. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत रुळाचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर वाढ होईल १३ × ०.००००१२ × ४० = ०.००६२४ मीटर, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. एवढी फट दोन रुळांत ठेवली नाही तर रूळ वाकतील. जुन्या गाड्यांचा खडखडखाट हा या फटींचाच आवाज होता. आता लांबच लांब सांधलेले रूळ वापरतात. त्यांत अशी फट नसते. प्रसरणाचा ताण स्लीपर आणि गिट्टी यांच्या भक्कम पकडीने रोखून धरावा लागतो. मोकळीक काढून टाकली तर तिच्या जागी बळ लावावे लागते, हे मुलांच्या लक्षात आणून देण्याजोगे आहे.

प्रयोगशाळेत हाच ‘प्ले’ दुसऱ्या नावाने भेटतो. स्क्रू गेज वापरताना विद्यार्थी तार पकडतो, स्क्रू जरा जास्त फिरतो, मग तो उलटा फिरवतो. पण काही अंश फिरवूनही स्क्रूचे टोक जागचे हलत नाही. आटे आणि नट यांच्यामधली मोकळीक भरून निघेपर्यंत नुसता दट्ट्या फिरतो. यालाच आपण ‘बॅकलॅश’ची त्रुटी म्हणतो आणि वाचन घेताना स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवा असे बजावतो. बहुतेक विद्यार्थी हा नियम वहीत लिहून घेतात आणि विसरतात. त्यांना सांगावे की तोफ रोखणारा गोलंदाज नेमके हेच करतो. नळी वरखाली करण्यासाठी चाक असते, ते दातेरी चक्रांमार्फत नळी उचलते, आणि दात्यांमध्ये मोकळीक असतेच. म्हणून चाकाची शेवटची हालचाल नेहमी एका ठरलेल्या दिशेनेच करण्याची त्याला शिस्त लावलेली असते. खाली आणताना जास्त खाली गेली तर पुन्हा पलीकडे नेऊन नव्याने त्याच दिशेने आणायची. स्क्रू गेजवर ही चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची असते. तोफेच्या नळीचा कोन केसभर चुकला तर काही किलोमीटरवर गोळा दुसऱ्याच शेतात पडतो.

काम नाही, सुटका नाही

आतापर्यंत आपण वस्तूंच्या मोकळिकीबद्दल बोललो. देवळालीच्या छावणीत माणसांचे काय होत होते, ते आता पाहू. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या फार वाढली. तिच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली एक शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ साली त्याचा अहवाल आला. त्यातला आकडा धक्कादायक होता : हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांत दर हजारी ६९ जण वर्षाला मरत होते, आणि तेही मुख्यतः लढाईत नव्हे, तर छावणीत, रोगांनी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आली नाही. पण ठिकठिकाणच्या छावण्यांतून भरून आलेले तक्ते तिने चिकाटीने तपासले आणि त्यांवर आपली निरीक्षणे लिहिली. घाण पाणी, तुंबलेली गटारे, दाटीवाटीच्या बराकी हे तर तिने मांडलेच. त्याबरोबर तिने शिपायाच्या रिकामपणावर बोट ठेवले. उन्हाळ्यात दिवसाचे बहुतेक तास त्याला बराकीबाहेर पडू देत नसत. मग खाणे, पिणे, आडवे होणे. दारूचे दुकान मात्र आवारातच. त्यावर उपाय म्हणून वाचनालय, कारागिरीचे वर्ग, व्यायामशाळा, मैदानी खेळ यांची गरज मांडली गेली. खेळ हा इथे औषध म्हणून आला आहे. (खेळण्याच्या जागेला आपण ‘जिमखाना’ म्हणतो तो शब्दही याच छावण्यांतल्या इंग्रजी-हिंदुस्थानी सहवासातून निपजलेला. ‘गेंदखाना’ आणि ‘जिम्नॅस्टिक’ यांचे ते कलम आहे, असे मानतात.)

या रिकामपणाला एक बाजू अशी होती जी इंग्रजी पुस्तकांत ओझरती येते. शिपायाची कामे करायला आपली माणसे होती. पहाटे तो खाटेवर असतानाच न्हावी त्याची दाढी करून जाई. धोबी, भिस्ती, झाडूवाला, पंखा ओढणारा असा सगळा लवाजमा. शिपायाच्या हाताला काम उरत नसे ते कोणाच्या तरी हाताला दिवसरात्र काम होते म्हणून. पंखा ओढणाऱ्याला कंटाळा येई की नाही, याची चौकशी कोणत्याही आयोगाने केलेली आमच्या वाचनात नाही.

आता या साऱ्यात देवळालीची भर घाला. तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यामुळे फौजेची ने-आण करणाऱ्या बोटी साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच ये-जा करीत. ज्याची मुदत हंगाम संपता संपता भरली, त्याने देवळालीत पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे. काही महिने. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात नोकरी केली आणि १९३६ साली आपल्या आठवणी छापल्या. त्याने या माणसांबद्दल लिहिले आहे. त्यांच्याजवळ हत्यारे नसत. अधूनमधून सामानाची तपासणी, क्वचित एखादी लांबची चाल, बाकी वेळ जाता जात नसे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एकही गुन्हा नव्हता असे शिपाई इथे भानगडीत सापडले, आणि घरी जाण्याऐवजी आधी तुरुंगात गेले. माणसे चमत्कारिक वागू लागत. मग कोणी असे वागू लागला की शिपाई आपापसांत म्हणत, याला ‘डूलाली टॅप’ झाला आहे. डूलाली म्हणजे देवळाली. टॅप म्हणजे आपला ताप, हिंदुस्थानी ‘तप’. देवळालीचा ताप! तो थर्मामीटरवर दिसत नसे, कारण तो रिकाम्या दिवसांचा ताप होता. १९२५ साली निघालेल्या सैनिकी शब्दांच्या एका इंग्रजी कोशात हा शब्दप्रयोग नोंदला गेला आहे.

गॅरेजवाल्याच्या भाषेत बोलायचे तर या माणसांची स्थिती दोन्हीकडून बिघडलेली होती. काम नाही म्हणून ती सैल पडलेली, आणि सुटका नाही म्हणून घट्ट आवळलेली. मैदानावर फुटबॉल होता, पण जो रोज फक्त बोटीची वाट पाहतो त्याचा फुटबॉलही वाट पाहण्याचाच एक प्रकार होतो. खेळायला चेंडू लागतो तसा आपल्या दिवसावर थोडा आपला ताबाही लागतो, असे आम्हांला या हकिगतीवरून वाटते. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास गणिताला देऊन टाकणारे आणि खेळाच्या तासाला मुलांना नुसते रांगेत उभे करणारे, असे दोन्ही प्रकार आपल्या पाहण्यात असतात.

शब्दाचे पुढे काय झाले ते फारसे सुखाचे नाही. शिपायांच्या तोंडी ‘देवळालीचा ताप’ यात थट्टेबरोबर थोडी ओळख होती. आज याला झाला, उद्या मला होईल, अशी. शब्द इंग्लंडात गेला, ‘टॅप’ गळून पडला, नुसते ‘डूलाली’ राहिले, आणि कोणाही भ्रमिष्ट किंवा विसराळू माणसाला उडवून लावायला ते वापरात आले. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे एका गावाचे नाव आहे याचा पत्ता नसतो. लंडनच्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचे ‘बेडलम’ असेच झाले. आणि आपण वेगळे आहोत असे मानायचे कारण नाही. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हा ठाण्याचा पेशंट’ ही वाक्ये आपल्या वर्गांतून, आणि शिक्षकांच्या खोलीतूनही, ऐकू येतात. येरवडा आणि ठाणे इथे मनोरुग्णालये आहेत. तिथे माणसे बरी होण्यासाठी जातात. वर्गात एखाद्या मुलाची आई किंवा काका तिथे जाऊन आलेले असू शकतात.

छावणीतल्या या तापावर आणखी एक उतारा होता, तो म्हणजे नाटक. दुसऱ्या महायुद्धात ‘कॉन्सर्ट पार्ट्या’ निघाल्या : शिपायांनीच शिपायांसाठी करायची गाणी, नकला, विनोदी प्रवेश. जिमी पेरी नावाच्या तरुण गोलंदाजाने देवळालीतल्या रॉयल आर्टिलरीच्या अशा पार्टीत काम केले. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर याच अनुभवावर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. ती १९७४ ते १९८१ या काळात चालली. सुरुवातीच्या भागांतले स्थळ देवळाली, पण चित्रीकरण सगळे इंग्लंडात. त्यातल्या रंगी राम या हिंदी नोकराचे काम झाशीत जन्मलेल्या मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा सावळा रंगवून केले, यावर पुढे बरीच टीका झाली. ती रास्तच होती. शिपायांचा कंटाळा नाटकात आला, पंखा ओढणारा मात्र पुन्हा विनोदापुरताच उरला.

याच मालिकेत बसेल असा एक माणूस अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १९१८ साली जन्मला होता. त्याचे नाव स्पाइक मिलिगन. वडील फौजेत तोफखान्यात, आणि हौशी रंगभूमीवर नाचणारे-गाणारे. मुलगाही दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात गेला. १९४४ साली इटलीत मॉन्टे कॅसिनोजवळ तो उखळी तोफेच्या गोळ्याने जखमी झाला आणि त्याचे मन खचले. लढाईच्या कामातून त्याला काढले, आणि तो शिपायांची करमणूक करणाऱ्या मंडळीत गेला. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर गाजलेला ‘द गून शो’ मुख्यतः त्याने लिहिला. सारे इंग्लंड हसत होते, तेव्हा लिहिणारा अधूनमधून मनोरुग्णालयात असे. नैराश्याच्या आपल्या आजाराबद्दल तो नंतर उघडपणे बोलला आणि लिहिले. ज्या काळात ‘डूलाली’ म्हणून विषय संपवत, त्या काळात हे सोपे नव्हते.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून बोटीवर चढली आणि देवळालीतले वाट पाहणे संपले. छावणी भारतीय सैन्याकडे आली. गावात खेळत्या कोरड्या हवेसाठी मुंबईकरांनी बांधलेली आरोग्यधामे आहेत, आणि पलीकडच्या माळावर तोफांचा सराव चालतो. इंग्रजीतला शब्द मात्र फिरत फिरत परत आला. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ याच नावाने बिअर गाळणारे एक दुकान निघाले, आणि पुढे त्याला ‘टॅपरूम’ असे शेपूटही जोडले गेले. यातला ‘टॅप’ म्हणजे पिंपाची तोटी.